दिलह्याची मोकळी खाच

यवतमाळ जिल्हा म्हटला की कापूस आठवतो आणि पाठोपाठ साग. पांढरकवडा, घाटंजी, उमरखेड भागातला साग घराघरांत तुळया, दारे आणि कपाटे होऊन बसला आहे. साग टिकाऊ, हे सर्वांना ठाऊक असते. पण वाळलेला सागही हलतो, हे आपण विसरतो.

लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि सोडते. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, पडतो तो रुंदीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, हवा ठणठणीत कोरडी होते. ऑगस्टमध्ये तीच हवा दमट. तेवढ्यात लाकडातला ओलावा सहा टक्क्यांनी वाढला, तर सागाची ३० सेंटिमीटर रुंद फळी सुमारे तीन मिलिमीटर फुगते. इतर बऱ्याच लाकडांपेक्षा साग कमी हलतो, तरी एवढे!

जुन्या दारांत उभ्या फळ्या आडव्या पट्ट्यांवर ठोकलेल्या असत. उन्हाळ्यात त्यांच्यात फटी पडत. याहून चांगला तोडगा म्हणजे चौकट आणि तिच्यात बसणारी फळी, म्हणजेच दिलहा. युरोपात पंधराव्या शतकाच्या सुमारास ही पद्धत रुळली. इंग्रजी अमलात कचेऱ्या आणि बंगल्यांची दारे याच घडणीची होऊ लागली. १९०५ पर्यंत आपला जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, त्या काळातली ही गोष्ट.

यातली खुबी साधी आहे. चौकट कूस बसवून घट्ट करायची, तिच्या आतल्या कडेला खाच पाडायची आणि दिलहा त्या खाचेत नुसता सरकवायचा. त्याला सरस नाही, खिळा नाही. उन्हाळ्यात बसवताना खाचेत फुगायला जागा ठेवायची. पावसाळ्यात बसवला, तर पुढे आकसूनही तो खाचेबाहेर येणार नाही एवढा रुंद घ्यायचा. पॉलिश आधीच करायचे, म्हणजे आकसल्यावर कोरी कड दिसत नाही.

प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते फारसे हलत नाही, म्हणून चिकटवले तरी चालते. तीच सवय भरीव सागाला लावली की फळी मधोमध तडकते. जुन्या वाड्याचे दार दुरुस्त करताना दिलहा खडखडतो म्हणून खाचेत सरस भरला, तर पहिल्याच कडक उन्हाळ्यात तेच होते.

रुंद फळी देणारा साग वाढायला पन्नास-साठ वर्षे लागतात. सुताराने सोडलेली दोन-तीन मिलिमीटरची जागा तेवढी राहू द्यावी. दार आणखी एक पिढी टिकेल.