क्रमांक ७००७९ : एका गंजलेल्या गाडीची बखर

१/ चांदूर रेल्वे या गावाच्या नावातच एक यंत्र आहे. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजारही असल्यामुळे लोहमार्गावरच्या गावाला 'रेल्वे' हे उपपद चिकटले. मुंबई-नागपूर मार्गावरच्या या वऱ्हाडी पट्ट्यात जुन्या जिनिंगच्या आवारात, वाड्यामागच्या पडवीत एखादी गंजलेली जीप किंवा मोटार आजही दिसते. भंगारवाला तिचा भाव किलोवर करतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तिचा भाव कशावर करावा?

२/ या प्रश्नाचे उत्तर एका जर्मन गाडीच्या चरित्रात सापडते. बीएमडब्ल्यू ५०७, चॅसिस क्रमांक ७००७९. जर्मनीत जन्म, अमेरिकेत वनवास, भोपळे साठवण्याच्या गोदामात अज्ञातवास आणि अखेर म्युनिकला पुनर्जन्म, असा तिचा सुमारे ६० वर्षांचा प्रवास आहे.

३/ आधी पार्श्वभूमी. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कचे मोटार-आयातदार मॅक्स हॉफमन यांनी बीएमडब्ल्यूला एक खुली स्पोर्ट्स कार बनवण्याचा आग्रह धरला. ब्रिटिश गाड्या स्वस्त होत्या, मर्सिडीज ३०० एसएल महाग होती. मधली जागा मोकळी होती. आल्ब्रेख्ट फॉन गोएर्ट्झ यांनी आरेखन केले. पत्रा ॲल्युमिनियमचा, इंजिन ३.२ लिटरचे व्ही-८, ताकद १५० अश्वशक्ती.

४/ गाडी देखणी झाली, हिशेब मात्र फसला. सुमारे ५,००० डॉलरला विकायची गाडी प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या घरात गेली. १९५९ पर्यंत अवघ्या अडीचशेच्या आसपास गाड्या बनल्या आणि प्रत्येकीने कंपनीच्या तोट्यात भर घातली. डिसेंबर १९५९ मध्ये तर बीएमडब्ल्यू विकली जाण्याच्या बेतात होती. आज ५०७ दुर्मीळ आहे, तिचे मूळ या अपयशात आहे.

५/ आता ७००७९. सप्टेंबर १९५७ मध्ये ही पांढरी गाडी फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात उभी होती. पुढे नामवंत शर्यतपटू हान्स श्टुक यांनी तिच्यातून डोंगरी शर्यती जिंकल्या. म्हणजे प्रसिद्ध मालक मिळण्याआधीच तिच्या नावावर स्वतःचा पराक्रम जमा होता.

६/ ऑक्टोबर १९५८ मध्ये एक अमेरिकन सैनिक जर्मनीत उतरला : एल्विस प्रेस्ली. फ्रीडबर्गच्या छावणीत नोकरी, बाड नाउहाइम येथे बिऱ्हाड. डिसेंबर १९५८ मध्ये २३ वर्षांच्या या गायकाने ७००७९ घेतली आणि तो घर ते छावणी अशी ये-जा तिच्यातून करू लागला.

७/ येथे एक गमतीची नोंद आहे. चाहत्या मुली त्या पांढऱ्या गाडीवर लिपस्टिकने प्रेमाचे निरोप लिहीत. कंटाळून एल्विसने गाडी लाल रंगवून घेतली, असे सांगितले जाते. परिणामी त्याच्याजवळ दोन ५०७ होत्या, एक पांढरी व एक लाल, अशी समजूत पुढे पसरली. रंग बदलला की साक्षीदारही फसतात.

८/ १९६० मध्ये एल्विस मायदेशी परतला. गाडीही अमेरिकेत पोचली व न्यूयॉर्कमधील एका विक्रेत्याकडे आली. तेथून अलाबामातील रेडिओ निवेदक टॉमी चार्ल्स यांनी ती घेतली. त्यांना शर्यती खेळायच्या होत्या. मूळ व्ही-८ काढून शेव्हरोलेचे इंजिन बसवले गेले. ते मावावे म्हणून पुढची चौकट कापली गेली. गिअरबॉक्स व मागचा ॲक्सलही बदलला.

९/ आजच्या संग्राहकाला हा गुन्हा वाटेल. त्या काळी मात्र ती एक जुनी, सुटे भाग न मिळणारी परदेशी गाडी होती. वऱ्हाडात जुन्या जीपला ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवणारा मिस्त्री याच न्यायाने वागतो : गाडी चालली पाहिजे. वस्तूचे ऐतिहासिक मोल तिच्या वापराच्या काळात क्वचितच कोणाला दिसते.

१०/ १९६८ मध्ये गाडी कॅलिफोर्नियाच्या जॅक कॅस्टर यांच्याकडे आली. पेशाने ते अवकाश-तंत्रज्ञान क्षेत्रातील अभियंता. काही काळ चालवून त्यांनी ती ठेवून दिली. स्वतः दुरुस्त करायची, या आशेने ते वर्षानुवर्षे मूळ जातीचे सुटे भाग जमवत राहिले. गाडी गंजत राहिली.

११/ पत्रकार जॅकी जुरे यांनी लिहिलेला एक लेख कॅस्टर यांच्या वाचनात आला होता. संपर्क वाढला आणि शोधाला दिशा मिळाली. गाडीवर ठोकलेला चॅसिस क्रमांक व एल्विसच्या गाडीचा क्रमांक ताडून पाहिला गेला. दोन्ही एकच. लाल-पांढऱ्याची दंतकथा एका आकड्याने निकालात काढली.

१२/ मराठी इतिहासप्रेमींना ही पद्धत परकी नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली, ती आधी अस्सल कागद, मग कथन, या आग्रहाने. गाडीच्या बाबतीत चॅसिस क्रमांक म्हणजे मूळ पत्रावरचा शिक्का. कारखान्याची नोंद, विक्रीची पावती, जहाजाचे कागद, जुनी छायाचित्रे ही तिची साधने.

१३/ २०१४ मध्ये गाडी म्युनिकला परतली. आधी ती जशी सापडली तशीच बीएमडब्ल्यूच्या संग्रहालयात मांडली गेली : इंजिनाविना, गंजलेली. हा निर्णय महत्त्वाचा होता. दुरुस्ती म्हणजे काही पुरावे कायमचे पुसणे. म्हणून ते पुसण्यापूर्वी जगाला दाखवले गेले.

१४/ मग दोन वर्षांचे काम. ॲल्युमिनियमचा पत्रा चौकटीपासून सोडवला. जुना रंग रासायनिक स्नानात उतरवला. सुट्या भागांतून मूळ जातीचे व्ही-८ इंजिन उभे केले. काचेची फिरकी आणि दाराची कडी यांसारखे न मिळणारे भाग त्रिमितीय मुद्रणाने घडवले. आसनांचे चामडे जुन्या छायाचित्रांवरून बेतले. रंग पुन्हा पिसासारखा पांढरा.

१५/ ऑगस्ट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे गाडी प्रथम प्रदर्शित झाली. तिला सुमारे चार दशके आणि अधिक काळ सांभाळणारे कॅस्टर नोव्हेंबर २०१४ मध्येच निवर्तले होते. पूर्ण झालेली गाडी त्यांना पाहता आली नाही.

१६/ एक प्रश्न मात्र उरतोच. पांढरी केली म्हणजे एल्विसचा लाल रंग गेला, टॉमी चार्ल्सच्या शर्यतींच्या खुणा गेल्या, कॅस्टर यांच्या गोदामातली वर्षे गेली. एकाच गाडीला अनेक भूतकाळ होते; त्यांतील एक निवडला गेला. प्रत्येक जीर्णोद्धारात ही निवड असते, मग ती गाडी असो वा गढी.

१७/ याच्या उलट उदाहरणही आहे. १९२५ ची एक बुगाटी मॅजोरे सरोवराच्या तळातून २००९ मध्ये वर काढली. २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात ती विकली गेली आणि कॅलिफोर्नियातील मलिन संग्रहालयाने ती गंजलेल्या, कुरतडलेल्या अवस्थेतच मांडली. त्यांच्या लेखी गंज हाच दस्तऐवज होता.

१८/ भारतात हा वाद कायद्यातही आला आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या दुचाकी-चारचाकी 'व्हिंटेज' ठरतात. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. सारा भार 'मूळ स्वरूप' या दोन शब्दांवर आहे आणि ते सिद्ध होते कागदांनी.

१९/ वऱ्हाडाला परदेशी यंत्राची सर्वांत जवळची आठवण शकुंतलेची. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या अरुंद मार्गावर धावले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. त्याच्याविषयीच्या गोष्टी घरोघरी आहेत. पण तिकिटे, वेळापत्रके, कर्मचाऱ्यांच्या वह्या, छायाचित्रे किती घरांत जपली आहेत, यावर त्या गोष्टींचा इतिहास होणार की दंतकथा, हे ठरेल.

२०/ म्हणून पडवीतल्या गाडीला पाण्याचा फवारा किंवा पॉलिश पेपर लावण्यापूर्वी तिचा क्रमांक उतरवून घ्यावा, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, आरसी व विम्याचे जुने कागद शोधावेत आणि ती चालवलेल्या आजोबांकडून तारखा विचारून लिहून ठेवाव्यात. पत्रा पुन्हा ठोकता येतो, इंजिन पुन्हा जुळवता येते. रद्दीत गेलेला कागद मात्र म्युनिकलाही नवा करता येत नाही.