अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी कोणती खाट, कोणती गादी? पैसे खर्च करण्याआधी हे वाचा

लकवा मारला, खुब्याचं हाड मोडलं किंवा म्हातारपणात माणूस पडून राहिला, की दवाखान्यातून चार-आठ दिवसांत सुट्टी मिळते. खरी सेवा पुढे घरी सुरू होते. मग कुणी सांगतं दवाखान्यासारखा बेड आणा, कुणी सांगतं पाण्याची गादी आणा. घाईघाईत मोठा खर्च होतो आणि महिन्याभरात रुग्णाच्या पाठीला जखम पडलेली असते.

म्हणून आधी एक क्रम डोक्यात ठेवा. खाटेपेक्षा गादी महत्त्वाची आणि गादीपेक्षा कूस बदलणं महत्त्वाचं. हातात पैसे कमी असतील तर खाट घरचीच वापरा आणि पैसा गादीवर घाला.

पाठीला जखमा का पडतात?

आपण झोपेतही नकळत कूस बदलतो. पडून असलेल्या रुग्णाला ते जमत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी तासन् तास दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी आतून मरू लागते. यालाच बेडसोअर म्हणतात. त्यात घाम, लघवीचा ओलावा आणि रुग्णाला ओढताना होणारं घर्षण यांची भर पडते. लकवा झालेल्या अंगाला दुखलेलं कळत नाही. म्हणजे रुग्ण तक्रार करणार नाही, बघायचं आपल्यालाच आहे.

रोज अंघोळ घालताना किंवा अंग पुसताना या जागा तपासा : माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू आणि कान. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघा. दाबल्यावरही लाली तशीच राहिली तर ती जखमेची सुरुवात आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे कातडी काळपट, गरम किंवा कडक लागते का ते हाताने बघा.

खाट कशी असावी?

नवारीची किंवा सुंभाची बाज : अशा रुग्णासाठी नको. मध्ये झोळ पडतो, सगळा भार कमरेखाली येतो आणि कूस बदलणं अवघड होतं. दुसरी खाट नसेलच तर बाजेवर जाड प्लायवूड टाकून वर गादी घाला.

दिवाण : बहुतेक दिवाण बुटके आणि भिंतीला लावलेले असतात. सेवा करणाऱ्या बाईला दिवसातून दहा वेळा वाकावं लागतं. रुग्णाआधी तिचीच कंबर जाते.

साधी लोखंडी कॉट : सपाट, मजबूत आणि तीन फूट रुंद असेल तर बहुतेक घरांत हीच पुरते.

दवाखान्याचा बेड : यात दोन प्रकार जास्त मिळतात. सेमी-फाउलर बेडमध्ये हँडल फिरवून फक्त डोक्याकडची बाजू उचलते. फाउलर बेडमध्ये गुडघ्याकडचा भागही उचलतो. नाकातल्या नळीने जेवण देत असाल, रुग्णाला दम लागत असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर डोक्याकडची बाजू उचलणारा बेड खरंच उपयोगी आहे. जेवण देताना आणि त्यानंतर अर्धा-एक तास डोकं उंचावर लागतं. एरवी मात्र डोक्याकडची बाजू फार वर ठेवू नका. रुग्ण खाली घसरत राहतो आणि माकडहाडावरची कातडी घासली जाते. नुसतं डोकं उचलायचं असेल तर साध्या कॉटवर ठेवायचा बॅकरेस्टही मिळतो.

घेण्याआधी हे तपासा :

• उंची : रुग्ण पूर्ण पडून असेल तर गादीचा वरचा भाग सेवा करणाऱ्याच्या कमरेजवळ यावा. रुग्ण उठून बसू लागला असेल तर खाटेच्या कडेला बसल्यावर त्याचे तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत.
• पायाखाली नुसत्या विटा रचून खाट उंच करू नका, त्या सरकतात. मध्ये खाच असलेले लाकडी ठोकळे सुताराकडून करून घ्या.
• कठडा : गादीवर आणखी हवेची गादी टाकली की उंची वाढते आणि कठडा ठेंगणा पडतो. दोन्ही गाद्या धरूनच कठड्याचं माप घ्या. गादी आणि कठडा यांच्यात डोकं किंवा हात अडकेल अशी फट नको.
• चाकं असतील तर त्यांना ब्रेक हवाच.
• घराचा दरवाजा मोजा. तीन फुटी बेड अडीच फुटाच्या दारातून सरळ आत जात नाही. बेड सुटा होतो का, ते आधी विचारा.
• खाट भिंतीला चिकटवू नका. दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहील एवढी जागा ठेवा.

गादी कोणती घ्यावी?

कापसाची गादी : जुन्या गादीत गाठी होतात, ती ओली झाली की लवकर वाळत नाही. या रुग्णासाठी टाळा.

काथ्याची गादी : कंबरदुखीवाल्यांना ती बरी वाटते, पण पडून असलेल्या माणसाच्या हाडांना ती टणक पडते. डोक्याकडून उचलणाऱ्या बेडवर नीट वाकतही नाही.

फोमची गादी : किमान चार इंच जाड हवी. दुकानदाराला ‘डेन्सिटी किती’ हे विचारा. ३२ पेक्षा कमी नको, ४० असेल तर बरं. गादीला रेक्झिनचं कव्हर घाला म्हणजे लघवी आत मुरत नाही. रेक्झिनवर घाम येतो, म्हणून वर सुती चादर हवीच. स्वतः थोडीफार कूस बदलू शकणाऱ्या रुग्णाला ही गादी पुरते.

हवेची गादी : रुग्णाला स्वतःहून अजिबात हलता येत नसेल तर ही पहिल्या दिवसापासून लावा, जखम पडायची वाट बघू नका. छोटा पंप गादीच्या कप्प्यांत आळीपाळीने हवा भरतो आणि सोडतो, त्यामुळे अंगावरचा दाब जागा बदलत राहतो. फुग्यांसारखे कप्पे असलेली गादी स्वस्त असते. आडव्या नळ्यांची गादी जाड आणि महाग असते. रुग्ण वजनदार असेल किंवा जखम आधीच पडली असेल तर नळ्यांचीच घ्या.

हवेची गादी वापरताना :

• ती थेट कॉटवर टाकू नका, खाली फोमची गादी हवी.
• वर एकच पातळ सुती चादर, तीही सैल. वाकळ, गोधडी, चौपदरी चादर घातली की गादीचा उपयोग संपतो.
• पंपावरचं बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावा. मग हवेची गादी आणि खालची गादी यांच्यामध्ये, रुग्णाच्या कमरेखाली तळहात सरकवून बघा. रुग्णाचं हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे. गादी फुटबॉलसारखी टणक लागली तर हवा जास्त आहे.
• पंपाला साधारण एका एलईडी बल्बइतकीच वीज लागते, घरच्या इन्व्हर्टरवर तो चालतो. इन्व्हर्टर नसेल आणि लाइट गेली, तर नळ्या काढून त्यांची तोंडं बंद करा म्हणजे हवा काही वेळ टिकते. तोवर कूस हाताने बदलत राहा.
• उंदीर, मांजराची नखं, सेफ्टी पिन आणि उदबत्ती यांपासून गादी जपा. पंक्चरचे तुकडे डब्यात येतात का, ते घेतानाच बघा.

पाण्याची गादी भरल्यावर फार जड होते, थंडीत गार पडते आणि तिच्यावर रुग्णाला वळवणं कठीण जातं. घरी हवेचीच सोयीची.

गादी कितीही महाग असली तरी

दर दोन तासांनी कूस बदलायचीच. डावी कूस, पाठ, उजवी कूस असा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावा. पूर्ण आडवं न करता थोडं तिरकं झोपवा. पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवा. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. रुग्णाला वर सरकवायचं असेल तर काखेत धरून ओढू नका. अंगाखाली आडवी चादर घालून दोघांनी दोन्हीकडून ती उचला, काम झालं की काढून घ्या.

हे करू नका : लाल झालेल्या जागेला चोळणं, मालिश करणं, शेक देणं, जखमेवर हळद किंवा पावडर भरणं. मध्ये भोक असलेली रबरी ट्यूबही कमरेखाली नको, तिच्या कडेने दाब आणखी वाढतो.

कातडी फुटली, जागा काळी पडली, पू किंवा वास येऊ लागला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर अजिबात थांबू नका.

विकत की भाड्याने?

हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल तर बेड भाड्याने घ्या. महिन्याचं भाडं गुणिले महिने, त्यात नेण्या-आणण्याचा खर्च मिळवा आणि मग नव्या बेडची किंमत बघा. अनेक तालुक्यांच्या गावी सेवाभावी संस्था आणि मंडळं अनामत रक्कम घेऊन बेड, व्हीलचेअर, कमोड खुर्ची वापरायला देतात, तिथे आधी विचारा. हवेची गादी मात्र शक्यतो नवीनच घ्या. जुनी घेतलीच तर हवा भरून रात्रभर ठेवून बघा.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साहित्यासाठी ३,००० रुपये खात्यावर मिळण्याची तरतूद आहे. व्हीलचेअर, कमोड खुर्ची यादीत आहे. अर्ज सुरू आहेत का, याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. आशाताई आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी यांनाही घरात असा रुग्ण असल्याचं कळवून ठेवा. जखम वेळेत दाखवायला आणि कूस कशी बदलायची ते शिकून घ्यायला त्यांची मदत होते.

(रुग्णाचा आजार आणि वजन यानुसार गरज बदलते. निवड करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.)