बुडालेले धन आणि आकाशातील डोळा

जालन्याच्या व्यासपीठावरून समुद्राविषयी बोलणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. कुंडलिकेच्या काठचे हे गाव अरबी समुद्रापासून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. परंतु समुद्र केवळ किनाऱ्यावरच्या लोकांचा असतो, असे मानण्याचे कारण नाही. ज्या गावाजवळ दरेगाव-दिनागावच्या शिवारात मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या शुष्क बंदराचे भूमिपूजन २०१५ साली झाले, ज्या गावाच्या औद्योगिक वसाहतीत रात्रंदिवस भंगार वितळून त्याच्या सळ्या होतात, त्या गावाला जहाज, माल आणि धातू या तीन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. शिवाय 'जालना सोने का पालना' ही म्हण ज्यांच्या कानावर लहानपणापासून पडत आली आहे, त्यांच्यापुढे हरवलेल्या सोन्याचा विषय काढण्यात अनौचित्य ते कोणते?

हरवलेल्या धनाशी या गावाचा संबंध इतिहासाने जोडलेलाच आहे. १६७९ च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजीमहाराजांनी मोगली अमलातील ही धनाढ्य पेठ लुटली. परतीच्या वाटेवर संगमनेरच्या बाजूस रणमस्तखानाने त्यांना गाठले. तीन दिवस झुंज चालली, सिधोजी निंबाळकर कामास आले, आणि अखेरीस बहिर्जी नाइकाने आडवाटेने फौज पट्टागडावर सुखरूप पोचवली. लुटीतला पुष्कळसा भाग मात्र वाटेत गमवावा लागला. आता या धनाचे पुढे काय झाले, हे शोधण्यास उपग्रहाची गरज नाही. जमिनीवर सांडलेले सोने पहिल्या येणाऱ्याच्या पदरात पडते, त्याचे दागिने होतात, ते मोडतात, पुन्हा घडतात आणि बाजारात विरून जातात. समुद्रात बुडालेल्या धनाचे तसे नाही. ते जेथे पडले तेथेच राहते. त्याला वारस असतात, पण हात पोचत नाहीत. म्हणूनच बुडालेल्या जहाजांनी माणसाच्या मनाला एवढी भुरळ घातली आहे.

अलीकडे या भुरळीला नवे साधन मिळाले आहे. घरबसल्या पृथ्वीच्या कोणत्याही कोपऱ्याचे उपग्रहचित्र पाहता येऊ लागल्यापासून पुष्कळांना वाटू लागले की, आता खजिना शोधण्यास होडीही नको आणि पाणबुड्याही नको. चित्र मोठे करून पाहिले म्हणजे झाले. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका गृहस्थाने अशाच चित्रात एक विशिष्ट आकृती पाहिली, येथे जुने स्पॅनिश जहाज पुरले आहे असे ठरविले आणि प्रकरण थेट न्यायालयापर्यंत नेले. तेव्हा प्रश्न असा की, आकाशातल्या या डोळ्याला समुद्राच्या पोटातले खरोखर किती दिसते?

याचे उत्तर देण्यापूर्वी पाण्याचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. सूर्यप्रकाश पाण्यात शिरला की त्यातील तांबडा भाग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो. निळा-हिरवा प्रकाश थोडा अधिक खोल जातो. पाणी स्फटिकासारखे नितळ असेल तर वीस-तीस मीटर खोलीपर्यंतचा तळ उपग्रहास ओळखता येतो. त्याखाली सारा अंधार. रडार ढगांतून पार जाते, पण पाण्याच्या पृष्ठभागावरच अडते. आपल्या कार्टोसॅट-३ या २०१९ साली सोडलेल्या उपग्रहाला जमिनीवरची पाव मीटरची वस्तू वेगळी ओळखता येते. पण तीच वस्तू कोकणच्या खाडीत वावभर पाण्याखाली गेली की त्याचाही इलाज चालत नाही. कारण आपल्या नद्या पावसाळ्यात सह्याद्रीची माती घेऊन उतरतात आणि मुंबईचे बंदर तर भरती-ओहोटीने बारा महिने ढवळलेले असते.

तथापि निसर्गाची गंमत अशी की, जो गाळ जहाज झाकतो तोच कधीकधी त्याची चहाडीही करतो. २०१६ साली बेल्जियमच्या झीब्रुग बंदराजवळील उथळ समुद्रात संशोधकांनी असे दाखवून दिले की, तळाशी पडलेल्या जहाजाच्या सांगाड्याला ओहोटीचा प्रवाह अडखळतो, भोवती खड्डा पडतो, तेथील बारीक गाळ वर उसळतो आणि त्याची लांबच लांब शेपटी पाण्याच्या पृष्ठभागावर दिसू लागते. लँडसॅट-८ हा उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्याच्या चित्रांत या शेपट्या चार किलोमीटरांपर्यंत लांब असलेल्या आढळल्या. नदीच्या पात्रात दगडामागे भोवरा पडतो, त्यातलाच हा प्रकार. जहाज दिसत नाही; जहाजामुळे पाण्याचे काय झाले ते दिसते. चोर दिसला नाही तरी पावले दिसावीत, तसे. परंतु ज्या समुद्रात सर्वत्रच गढूळ पाणी आहे तेथे एक शेपटी निराळी ओळखणे कठीण, आणि जेथे खोली मोठी आहे तेथे गाळ वर येण्याचीच शक्यता नाही. म्हणजे हे साधन खरे आहे, पण त्याचे राज्य फार लहान आहे.

मग आपल्या किनाऱ्याशी संबंधित अशा धनवाही जहाजांचा शोध लागला तो कसा? दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण मुंबईच्या गोदीतले. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटक पदार्थ एकत्र भरलेले होते. आणि त्याच जहाजावर सोन्याच्या १२४ विटाही होत्या. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. सोन्याची एक वीट उडून जवळजवळ मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घरात जाऊन पडली. बाकीच्या विटांपैकी पुष्कळ विटा पुढे गोदीचा गाळ उपसताना हाती आल्या. १९७० च्या दशकातही अशा विटा सापडल्या. हे सोने कोणत्या यंत्राने शोधले? गाळ काढणाऱ्या डोलीने. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान कर्तव्य करताना मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर पाळला जातो. विटांचा हिशेब पुस्तकांतून सापडतो; या ६६ जणांचा हिशेब मात्र माणसांनी दर वर्षी उभे राहून मांडावा लागतो.

दुसरे उदाहरण 'तिलावा' या आगबोटीचे. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. तिच्यावर ९५८ माणसे होती, आणि दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी पाठविलेल्या चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. २३ नोव्हेंबर रोजी जपानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडले. २८० जण बुडाले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना ब्रिटिश युद्धनौका 'बर्मिंगहॅम'ने वाचवून मुंबईस परत आणले. बोट अडीच किलोमीटर खोल पाण्यात गेली. एवढ्या खोलीवर प्रकाशाचा किरणही पोचत नाही, मग उपग्रहाची दृष्टी कोठून पोचणार? तेथे ध्वनी पाठवून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळाची आकृती काढावी लागते. उपग्रहाचा उपयोग एवढाच की, शोध घेणारे जहाज नेमके कोठे उभे आहे हे तो सांगतो. २०१७ साली ही चांदी वर काढण्यात आली आणि इंग्लंडच्या न्यायालयांत मोठा वाद माजला. वर काढणारी कंपनी म्हणे, आम्हाला श्रमाचा मोबदला द्या; दक्षिण आफ्रिका म्हणे, चांदी आमची आणि आमच्या सार्वभौमत्वाला तुमचे न्यायालय हात लावू शकत नाही. ८ मे २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निर्णय दिला.

हे दावे-प्रतिदावे चालू असताना त्या २८० जणांचे काय, हा प्रश्न कोणत्याच कायद्याच्या कलमात बसत नव्हता. लगडीवर मालकी सांगता येते; मृतांवर कोण सांगणार? आपल्याच किनाऱ्यावर १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली. तिच्यावर सोने नव्हते, चांदी नव्हती. होती ती घरी परतणारी कोकणातली माणसे. म्हणून खजिन्याच्या जहाजांच्या कोणत्याही यादीत तिचे नाव येत नाही. यादी करणाऱ्यांनी 'मोल' या शब्दाचा अर्थ किती आखूड करून घेतला आहे, ते यावरून दिसते.

येथे जालन्यातल्या श्रोत्यांना त्यांच्याच अनुभवातली एक गोष्ट सांगतो. औद्योगिक वसाहतीतल्या भट्टीत जे भंगार पडते, त्यात जुन्या यंत्राचा दात असतो, मोडक्या गाडीची कमान असते, कोणाच्या घराचे गंजलेले दारही असते. भट्टीत पडल्यावर ते सारे एक होते. लोखंड शिल्लक राहते, ओळख जाते. सळई बनवायची असेल तर हे योग्यच आहे. त्यावाचून उद्योग चालणार नाही. परंतु इतिहासाच्या वस्तूला हाच न्याय लावला तर धातू हाती येतो आणि इतिहास राख होतो. समुद्रतळाशी कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी पडली होती, यात जहाजाची सारी कथा साठवलेली असते. खजिन्याच्या मागे लागलेला माणूस ती मांडणी विस्कटून सोने तेवढे उचलतो.

याच्या उलट वागणूक कशी असते, हे पाहायचे असेल तर गोव्याकडे पाहावे. तेथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. मुरगावजवळच्या सुंची खडकापाशी, अवघ्या काही मीटर पाण्यात, तिच्या संशोधकांना सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका पोर्तुगीज व्यापारी जहाजाचे अवशेष मिळाले. सोन्याच्या मोहरा मिळाल्या नाहीत. मिळाले ते हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, लोखंडी तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि घडीव दगड. बाजारात या मालाला कोणी विचारणार नाही. परंतु एकाच खडकाजवळ आफ्रिका, आशिया आणि युरोप ही तीन खंडे गोव्याच्या वाटेवर भेटलेली दिसतात, हे धन लहान आहे काय?

अशीच एक गोष्ट 'गेरसप्पा' या बोटीची. आपल्या शेजारच्या मुलखातील धबधब्याचे नाव तिला दिलेले होते. १९४० च्या डिसेंबरात ती कलकत्त्याहून चांदी घेऊन निघाली आणि १७ फेब्रुवारी १९४१ रोजी जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या पश्चिमेस तिला बुडविले. तिच्यावरील एकच माणूस जगला. सुमारे ४,७०० मीटर खोलीवरून तिची चांदी काढण्यात आली, त्या वेळी बोटीच्या पोटातून सातशेहून अधिक पत्रेही निघाली. हिंदुस्थानात असलेल्या माणसांनी दूर मायदेशी आपल्या माणसांना लिहिलेली ती पत्रे! काळोख, थंडी आणि गाळ यांनी त्या कागदाचे सत्तर वर्षे रक्षण केले होते. चांदी विकली जाते, तिचे पैसे होतात. ती पत्रे लंडनच्या टपाल संग्रहालयात लोकांनी वाचली. ज्या हातांपर्यंत ती पोचावयाची होती त्यांतले बहुतेक हात तोपर्यंत उरले नसतील. पण पत्र शेवटी वाचले गेले.

आता महाराष्ट्राच्या स्वतःच्या बुडालेल्या धनाकडे वळू. १७५६ च्या फेब्रुवारीतला तो दिवस मराठी माणसाने विसरता कामा नये. त्या दिवशी विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रज आरमाराचा वॉटसन होता, त्याच्याबरोबर क्लाइव्ह होता, आणि त्यांना बोलावून आणणारे दुर्दैवाने आपलेच पेशवे होते. तोफगोळ्याने एका गलबताला आग लागली आणि ती एकावरून दुसऱ्यावर पसरत गेली. किल्ल्यात मिळालेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. ती गेली याचे दुःख मानण्याचे कारण नाही. खरे धन जळाले ते बंदरात: गुराबा आणि गलबते, त्यांची बांधणी जाणणारे सुतार, आणि पश्चिम किनाऱ्यावर परकीयांना अडवून धरणारी एक शक्ती. त्या एका दिवसाची किंमत पुढील पिढ्यांनी दिली.

या आरमाराचा शोध घ्यावयाचा तर कोठून प्रारंभ करावा? माझे उत्तर असे की, आकाशातून नव्हे, दप्तरातून. १६२२ साली फ्लॉरिडाजवळ बुडालेल्या 'आतोचा' या स्पॅनिश जहाजाचा वर्षानुवर्षे चुकीच्या ठिकाणी शोध चालला होता. सेव्हिल येथील दप्तरखान्यात एका इतिहासकाराने जुने कागद वाचले, तेव्हा खरी जागा कळली. आणि १९८५ साली मुख्य खजिना हाती आला. उपग्रह, ध्वनियंत्र आणि पाणबुड्या यांना कोठे पाहावे हे सांगणारा शेवटी कागदच असतो. आपल्याकडे पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत. त्यांत किती बंदरे, किती तांडेल, किती जहाजे पडून असतील! ते वाचणारे डोळे मात्र दरसाल कमी होत आहेत. आकाशातला डोळा कोट्यवधी रुपये खर्चून आपण निर्माण केला, त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण मोडी वाचणारा डोळा तयार करावयास एक शिक्षक, एक फळा आणि चिकाटी एवढेच लागते.

कायद्याचीही आठवण ठेवावी. भूमीत सापडलेले दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचे गुप्तधन कलेक्टरास कळविले पाहिजे, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. ती रक्कम आज हास्यास्पद वाटेल. तत्त्व हास्यास्पद नाही. सापडलेली वस्तू सापडणाऱ्याची एकट्याची नसते, हे ते तत्त्व होय. समुद्रात सापडलेल्या वस्तूविषयी तर ते अधिकच खरे आहे, कारण तेथे प्रत्येक बुडालेल्या जहाजाबरोबर कोणीतरी माणूसही बुडालेला असतो. जालन्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने उद्या पडद्यावर कोकणकिनाऱ्याचे उपग्रहचित्र उघडले आणि त्याला गाळाची एक चमत्कारिक शेपटी दिसली, तर त्याने आनंदाने उडी मारावी, गोव्याच्या संस्थेस पत्र लिहावे, आणि त्या जहाजावर काय होते याच्या आधी कोण होते, हे विचारावे.