खेळातून शिक्षण: बोर्डीच्या अंगणवाडीपासून आजच्या बालवाडीपर्यंत

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाटी-पेन्सिल आणि पाठांतराऐवजी खेळ, गाणी, गोष्टी व हाताने करायच्या कामांमधून शिकवण्याच्या पद्धतीला खेळातून शिक्षण म्हणतात. यात मुलाला नुसते मोकळे सोडलेले नसते. कोणते साहित्य मांडायचे, ते कधी बदलायचे, कोणत्या मुलाला काय विचारायचे हे शिक्षिकेने आधी ठरवलेले असते. मुलाला मात्र तो खेळच वाटतो.

युरोपात फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी अशी शाळा सुरू केली व पुढे तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. विसाव्या शतकात मारिया माँटेसोरी यांनी इंद्रियांना वळण देणारी साधने तयार केली. भारतात हा विचार रुजवण्याचे मोठे काम गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरातून केले. साधने त्यांनी माँटेसोरींची घेतली, पण गोष्ट, गाणे आणि नाटक यांना स्वतःकडून मानाचे स्थान दिले. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली.

ही बालमंदिरे बहुतेक शहरी, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांची होती. ताराबाईंना ते सलत होते. १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तिथे पहिली अडचण पैशाची होती. घोटीव लाकडी ठोकळे खेड्याला कुठून परवडणार? मग शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पाने, बांबू आणि माती हेच साहित्य झाले. ही तडजोड होती असे म्हणता येईल, पण ती मूळ साधनांपेक्षा सरस ठरली असे म्हणायला जागा आहे. शिंपला मुलाच्या ओळखीचा असतो, तुटला तर कोणी रागावत नाही आणि नवा किनाऱ्यावर मिळतो.

दुसरी अडचण अधिक अवघड होती. वस्त्यांवरची गरीब मुले बालवाडीत येतच नव्हती. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन भरवण्यात आली आणि त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द मिळाला. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तिथल्या वारली मुलांना गुरे राखायची असत, म्हणून कुरणातच शाळा भरवली गेली, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

चिंचोक्यांनी नेमके काय शिकवले जाते? पाच चिंचोके जवळजवळ मांडा आणि तेवढेच दुसऱ्या ओळीत लांब लांब मांडा. चार वर्षांचे मूल बहुधा लांब ओळीत ‘जास्त’ आहेत असे सांगते, मग त्याला शंभरपर्यंत अंक म्हणता येत असले तरी. झां पियाजे या मानसशास्त्रज्ञाने अशा प्रयोगांतून दाखवले की संख्येची समज पाठांतराने येत नाही. मांडणे, वाटणे, जोड्या लावणे, पुन्हा मोजणे असे अनेकदा झाल्यावर ती येते. भातुकलीत पाच जणांना पाच वाट्या ठेवणारे मूल नेमका हाच सराव करत असते.

लिहिण्याचेही तसेच. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत आणि मनगटात पेन्सिल धरून नेमके वळण काढण्याइतके बळ आलेले नसते. माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे, रांगोळीचे ठिपके देणे यांतून ती बोटे तयार होतात. बडबडगीतांनी कान तयार होतो. ‘कमळ’ आणि ‘कणीस’ एकाच आवाजाने सुरू होतात हे ज्याच्या कानाला कळते, त्याला पुढे ‘क’ हे अक्षर परके वाटत नाही.

पालकांची तक्रार ठरलेली असते: ‘नुसतं खेळवतात, शिकवत काहीच नाहीत.’ वहीत भरलेली पाने दिसतात, ओवलेले मणी दिसत नाहीत. खाजगी बालवर्गांत तिसऱ्या वर्षी गृहपाठ सुरू होतो तो बराचसा या दिसण्यासाठी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळ व कृतीवर भर दिला. २०२२ मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही आला.

धोरण कागदावर आले तरी अंगणवाडी सेविकेचा दिवस तोच आहे. पूरक आहार, मुलांची वजने, लसीकरणाला मदत, गरोदर व स्तनदा मातांच्या भेटी आणि नोंदी हे सगळे तिच्याकडेच असते. शाळापूर्व शिक्षण हे योजनेतल्या सहा सेवांपैकी एक. तीन आणि सहा वर्षांची मुले बहुधा एकाच खोलीत बसतात. लहान्यांच्या हाती मातीचा गोळा देऊन मोठ्यांना गोष्ट सांगायची, तेवढ्यात खिचडी उतरवायची वेळ झालेली असते.