दिंडी कोणाची?

दिंडीला शंभर वर्षं झाली. आमचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण दिंडीच्या जुन्या चोपड्या आम्ही बोट ठेवून वाचल्या आहेत. त्यावरून हे चार शब्द.

दिंडी निघाली तेव्हा भोर-वेल्ह्याचा बराच मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. 1948 साली संस्थान विलीन झालं आणि 1950 साली मुंबई राज्याचा सार्वजनिक विश्वस्त कायदा आला. देऊळ, मठ सर्वांचा असेल तर धर्मादाय कार्यालयात नोंद करायची, दरसाल हिशेब तपासून घ्यायचा, विश्वस्त बदलला की 90 दिवसांत कळवायचं, परवानगीशिवाय जागा विकायची नाही. आपले म्हातारे म्हणायचे, "देवाच्या कामाला सरकारचा कागद कशाला?"

ते आम्हाला ठेच लागून कळलं. पंढरपुरात उतरायला दिंडीनं जागा घेतली. कुणी भाताचं पोतं विकून, कुणी दुधाचे पैसे देऊन वर्गणी भरली. खरेदीखत मात्र एका जुन्या माळकऱ्याच्या नावे केलं. माणूस देवमाणूस. तो वैकुंठवासी झाला आणि वारस म्हणाले, जागा आमच्या बापाची. वर्गणीची पावती एकाकडंही नव्हती. जागा गेली. पुढच्या आषाढी आम्ही पावसात, राहुटीत काढल्या.

देवळाच्या मालकीचा असाच एक तंटा उत्तर प्रदेशात, सीतापूर जिल्ह्यातल्या एका गावी झाला. राधाकृष्णाचं देऊळ एकानं पदरच्या पैशानं बांधलेलं. ते घरचं का गावचं? 1956 साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. कोर्टानं पाहिलं काय, तर देऊळ राहत्या घराबाहेर आहे का, प्रतिष्ठा चारचौघांत झाली का, गाव हक्कानं दर्शनाला येतं का. लाभ मूर्तीला नाही, भक्तांना होतो, असं धरून देऊळ सार्वजनिक ठरवलं.

आपल्या कायद्यात आणखी एक बारकावा आहे. नुसती पूजा आणि धर्मशिकवण 'धर्मादाय' सदरात बसत नाही; तिथं गरिबाला मदत, शिक्षण, औषधपाणी येतं. पण देवाधर्माचं काम सर्वांसाठी असेल, तर तीही सार्वजनिक संस्थाच. आपल्याकडं भजनही आहे आणि पंगतही. भिशी न भरलेल्यालाही आपण पान वाढतो. हाच आपला पुरावा. फक्त तो चोपडीत उतरला पाहिजे.

म्हणून आता रुपयाचीही पावती फाडतो आणि काल्याच्या दिवशी विण्यापुढं हिशेब वाचतो. पुढच्या पिढीनं ही रीत मोडू नये, एवढंच मागणं.

राम कृष्ण हरी.