अजिंठ्याच्या प्रतिकृती

मूळ वस्तू तगून राहावी आणि तिच्या रक्षणार्थ केलेली प्रतिकृतीच आधी नष्ट व्हावी, असा प्रकार इतिहासात विरळा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या बाबतीत मात्र तो दोन वेळा घडला. वाघूर नदीकाठच्या लेण्यांत ओल, वटवाघळे आणि माणसांची उपेक्षा सोसून पंधराशे वर्षे टिकलेल्या या चित्रांच्या नकला मोठ्या कष्टाने कापडावर उतरवून लंडनसारख्या सुरक्षित मानलेल्या नगरीत नेल्या. आणि तेथे वीस वर्षांच्या आत दोनदा त्या अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. आज कलेतिहासाचा विद्यार्थी संगणकाच्या पडद्यावर घरबसल्या हजारो चित्रे पाहू शकतो. अशा वेळी या जुन्या दुर्दैवाची आठवण करणे अप्रस्तुत होणार नाही.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली, आणि तेव्हापासून त्यांची कीर्ती युरोपात पसरू लागली. १८४४ साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या नकला करण्याच्या कामी नेमणूक झाली. जवळजवळ वीस वर्षे त्यांनी या कामी वेचली. त्यांनी केलेली भव्य तैलचित्रे सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. तेथे डिसेंबर १८६६ मध्ये आग लागली आणि थोड्या चित्रांखेरीज सारी जळून गेली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी ते काम पुन्हा हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह त्यांनी १८८५ पर्यंत सुमारे तीनशे नकला सिद्ध केल्या. त्याच वर्षी साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागून त्यांतील पुष्कळ नकलांचा नाश झाला. ज्या उरल्या त्यांच्या, आणि हाती असलेल्या इतर साधनांच्या, आधारे ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ साली दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

येथे एक खेदाची गोष्टही सांगितली पाहिजे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी मूळ भिंतीवरच वार्निशाचा हात फिरविला. पुढे ते वार्निश काळे पडले, त्याचे पापुद्रे सुटू लागले आणि त्यांबरोबर रंगही निघू लागला. प्रतिकृतीच्या लोभाने मूळ कृतीस इजा झाली!

लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ या काळात अजिंठ्यास आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर नंदलाल बसू, असितकुमार हालदार, वेंकटप्पा प्रभृती तरुण चित्रकार होते. त्यांच्या नकला १९१५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. भिंत तीच, पण पाहणारे डोळे निराळे. ग्रिफिथ्स यांच्या तैलरंगी नकलांत छायाप्रकाशाचे वजन अधिक, तर हेरिंगहॅम यांच्या मंडळींनी रेषेला मान दिला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३२ साली अजिंठ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि हैदराबाद संस्थानाच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी रंगीत छायाचित्रांसह चार भागांचा महाग्रंथ १९३० ते १९५५ या काळात सिद्ध केला.

हे सारे ग्रंथ मोठे व मोलाचे. पण भरलेल्या वर्गाला एकाच वेळी एकच चित्र दाखवावयाचे तर ग्रंथ अपुरा पडतो. ती अडचण युरोपात प्रकाशचित्रांच्या कंदिलाने दूर केली होती. १९०१ साली बर्लिनच्या विद्यापीठात आलेले हाइन्रिख व्होल्फ्लिन दोन कंदिलांनी दोन चित्रे शेजारी-शेजारी पडद्यावर दाखवून त्यांची तुलना करीत. तुलनेची ही पद्धत पुढे कलेतिहासाच्या अध्यापनाचा पायाच झाली. विद्यापीठोविद्यापीठी काचेच्या व पुढे फिल्मच्या पारदर्शिकांची कपाटे उभी राहिली. आपल्या देशात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने १९६५ साली वाराणसीस देवळे, लेणी व मूर्ती यांच्या छायाचित्रांचा संग्रह आरंभिला, तो पुढे गुरुग्रामास गेला.

मग संगणकाचे युग आले. कोडॅक कंपनीने पारदर्शिका दाखविणारी यंत्रे घडविणे २००४ साली थांबविले, आणि त्याच वर्षी मेलन फाउंडेशनच्या आश्रयाने 'आर्टस्टोर' हा लक्षावधी प्रतिमांचा संग्रह विद्यापीठांस खुला झाला. आपल्याकडेही पुण्याच्या सी-डॅक संस्थेने रचलेल्या 'जतन' नामक प्रणालीच्या साह्याने राष्ट्रीय संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदी व प्रतिमा २०१४ पासून लोकांसमोर येऊ लागल्या. आगीतून वाचलेल्या ग्रिफिथ्स यांच्या नकलाही लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयाच्या सूचीत आज कोणासही पाहता येतात.

आता प्रतिकृती जळण्याची भीती गेली, असे कोणास वाटेल. पण आग लागली की निदान धूर तरी दिसतो. संगणकातील संग्रह निःशब्दपणे नाहीसा होतो. ज्या साच्यात प्रतिमा साठविली तो साचा जुना झाला, संस्थेचा पैसा आटला, की दार बंद. 'आर्टस्टोर'चे स्वतंत्र दालन २०२४ साली मिटले; त्यातील प्रतिमा 'जेस्टोर' या ग्रंथसंग्रहात हलविल्या गेल्या म्हणूनच त्या वाचल्या. प्रत्येक संग्रहास असा आसरा मिळेलच असे नाही.

दुसरे संकट याहून सूक्ष्म आहे. पडद्यावर बोटभर लघुचित्र आणि पुरुषभर उंचीची भिंत एकाच आकाराची होतात. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे मुख कोणास ठाऊक नाही? पण तो गर्भगृहाच्या वाटेवर डाव्या अंगास उभा आहे, उजवीकडे त्याचा जोडीदार वज्रपाणी आहे आणि दोहोंच्या मधून गेल्यावर आत बुद्धमूर्तीचे दर्शन होते, हे केवळ मुखाचा तुकडा पाहणाऱ्यास कळत नाही. संदर्भापासून तोडलेले चित्र सुंदर दिसते, पण आपला अर्थ अर्धाच सांगते.

रंगाची कथाही अशीच. १९२० ते १९२२ च्या दरम्यान हैदराबाद सरकारने इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी या तज्ज्ञांस बोलाविले. त्यांनी चित्रे भिंतीस घट्ट धरविली ही मोठी कामगिरी, परंतु वर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला. १९९१ साली बेनॉय बेहल यांनी मंद प्रकाशात, दीर्घकाळ कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवून, लेण्यांतील रंग टिपले ते अपूर्वच होत; तथापि त्यांनाही टिपावयास मिळाली ती लाखेचा लेप बसलेली भिंत. गिल यांची शिल्लक चित्रे ग्रिफिथ्स यांच्याही आधीची, हेरिंगहॅम यांच्या नकला लाखेपूर्वीच्या, आणि ग्रिफिथ्स यांच्या नकलांत भिंतीवरून पुढे झडून गेलेले भागही सापडतात. यांपैकी कोणतीही एक प्रतिकृती म्हणजे अजिंठा नव्हे. पण चारही शेजारी-शेजारी मांडल्या आणि प्रत्येकीखाली साल, कर्ता, माध्यम व माप लिहिले, तर काळाने काय नेले, माणसाने काय झाकले आणि चित्रकाराचे मूळ काय, याचा निवाडा करता येतो.

संगणकातील चित्रसंग्रहाचे खरे सामर्थ्य या मांडणीत आहे. त्यात लाख चित्रे आहेत की दहा लाख, याला महत्त्व कमी. पूर्वी लंडन, मुंबई आणि हैदराबाद येथे विखुरलेले पुरावे एका मेजावर आणणे कोणासही शक्य नव्हते. ते आता शाळेतील शिक्षकासही शक्य आहे. मात्र चित्राखालची ती लहानशी ओळ कंटाळवाणी म्हणून गाळली, तर सारा संग्रह केवळ सुंदर चित्रांचा ढीग होऊन बसेल. म्हणून जो शिक्षक मुलांस पडद्यावर पद्मपाणी दाखवील, त्याने तो कोणी, केव्हा, किती मापाचा आणि भिंतीच्या कोणत्या बाजूस पाहिला, हेही सांगावे. आणि साधेल तेव्हा त्या मुलांस एकदा वाघूरच्या काठी न्यावे. लेण्यातील अंधाराला डोळे सरावून भिंतीतून आकृती हळूहळू वर येऊ लागतात, तो अनुभव कोणत्याही पेटीत साठविता आलेला नाही.