रंगरुटाचे घर

सातारा, रत्नागिरी किंवा जुन्या कुलाबा जिल्ह्यातील पुष्कळ गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसविलेली आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर या गावातून इतके पुरुष गेले व त्यांपैकी इतके कामास आले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. नावे नाहीत, दोन आकडे. श्रोतेहो, आमचे आयुष्य कामगार चळवळीत, हजेरीपट आणि पगारपत्रके वाचण्यात गेले. त्यामुळे आकडा दिसला की त्यात कोण धरलेले नाही, हे आम्ही आधी पाहतो. या पाटीवर तिसरा आकडा नाही. किती घरे मागे राहिली, हे ती सांगत नाही.

आघाडीवर गेलेल्या शिपायाच्या घराविषयी थोडेफार लिहिले गेले आहे. आम्हांला बोलायचे आहे ते त्याच्याही आधीच्या काळाविषयी. मुलगा भरती होऊन डेपोत गेला आहे, बंदूक अजून नीट धरता येत नाही, आणि इकडे घरी त्याच्यावाचून पहिला पावसाळा आला आहे. ते काही महिने इतिहासात कोठेच नाहीत.

हे तरुण का गेले, याचे उत्तर पराक्रमाच्या गोष्टींत शोधण्यापेक्षा सातबाऱ्यावर शोधावे. डोंगरउतारावरची जमीन, एक पीक, भावाभावांतली वाटणी आणि डोक्यावर सावकार. अशा घरातून थोरला मुंबईच्या गिरणीत जाई आणि धाकटा पलटणीत. १९१४ साली शिपायाला महिना ११ रुपये पगार होता, आणि १९१७ साली शिधा फुकट मिळू लागेपर्यंत पोटाचा खर्चही त्याने त्यातूनच करावयाचा होता. तरीही ते रोख रुपये होते, आणि त्या डोंगरात रोख रुपया दुसरीकडे दिसत नव्हता. गिरणगाव आणि छावणी ही एकाच घराची दोन दारे होती, असे म्हटले तर ते चूक होणार नाही.

त्या काळी मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या. १९२२ साली त्यांची एक रेजिमेंट झाली, ११४ व्या पलटणीची शिक्षण-पलटण केली गेली आणि बेळगाव हे रंगरुटांचे कायमचे ठिकाण ठरले. तेथे काय शिकवीत, हे सर्वांना ठाऊक आहे. पायांत बूट, पिंढरीला पट्टी, पहाटेची कवाईत, चांदमारी. इंग्रजांच्या अमदानीत रंगरुटाला रोमन लिपीतली उर्दूही शिकावी लागे. ज्याच्या गावात शाळा नव्हती असा मुलगा अशा रीतीने अक्षर ओळखू लागे. परंतु त्याच वेळी घरालाही एक शिक्षण चालू असे. त्याला उस्ताद नव्हता आणि पगारही नव्हता.

हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे घरात चूल पेटेना, तेव्हा आम्हांला पाटण तालुक्यातल्या गावी आजीकडे धाडले गेले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. शाळा सुटली ती सुटलीच. जे शिकलो ते पुढे वाचनालयांतून आणि माणसांकडून. त्यातली पहिली शिक्षक आजी. आमचे आजोबा १९४२ साली बेळगावला रंगरूट म्हणून गेले, तेव्हा ती वीस वर्षांची होती, पदरी एक मुलगी होती.

आजी सांगे, पहिली अडचण नांगराची. बाईने नांगर धरू नये, असा रिवाज. मग इर्जिक घालून शेत नांगरून घ्यावयाचे. पण इर्जिक म्हणजे उसने. ते फेडावे लागते. ज्याच्या घरी गडी नाही त्याने फेडावे कशाने? आजीने आणि तिच्या सासूने ते दुसऱ्यांच्या शेतांत भाताची लावणी आणि भांगलण करून फेडले. पुरुषाच्या एका दिवसाला बाईचे दोन दिवस, असा हिशोब गावाने धरला, आणि त्यावर कोणी तंटा केला नाही. आज आम्ही समान कामाला समान दाम मागतो, तेव्हा आम्हांला तो हिशोब आठवतो.

दुसरी गोष्ट मनीऑर्डरची. १८८० साली मनीऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले, आणि तेव्हापासून या मुलखातली कितीतरी घरे टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली. ती येई सासऱ्याच्या नावे. अंगठा त्यांचा, साक्ष गुरुजींची. आजीच्या हाती त्यातला पैसा कधी आला नाही.

तिसरी गोष्ट पत्राची, आणि तीच आम्हांला सर्वांत मोठी वाटते. घरात वाचता कोणाला येत नव्हते. आलेले पत्र गुरुजी ओसरीवर मोठ्याने वाचत, चार माणसे ऐकत. नवऱ्याने बायकोला काही लिहावे, ही सोय नव्हतीच. उत्तरही गुरुजीच लिहीत. भाद्रपदात आजीची मुलगी तापाने गेली. सासऱ्यांनी गुरुजींना सांगितले, हे कळवू नका. पोर कवाईत टाकून पळून आले तर शिक्षा होईल, पगारही जाईल. पत्र गेले: घरी सर्व खुशाल, आमची काळजी करू नये. तिकडून उत्तर आले की मीही मजेत आहे. वस्तुतः बुटांनी त्यांच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. आजोबा रजेवर आले, अंगणात उभे राहिले आणि मुलीला हाक मारली. आजी म्हणे, "त्या दिवशी मला कळलं, मलापण पलटणीतच घेतलं होतं."

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांच्या पत्रांवर सेन्सॉर बसविला होता. त्याने केलेली भाषांतरे लंडनमध्ये जपून ठेवली आहेत, आणि अभ्यासक त्यांचा उपयोग करतात. पण आमच्या ओसरीवरचा सेन्सॉर कोणत्या दप्तरात सापडणार? 'सर्व खुशाल' या दोन शब्दांवरून जो इतिहासकार घर सुखात होते असे मानील, तो फसेल. ते शब्द हेही घराने केलेले काम होते, आणि नांगरापेक्षा जड होते.

१९१८ हे साल पाहा. जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला, पाऊस दगा देऊन गेला, आणि पावसाळा सरता सरता साथीने खेडी गाठली. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. ज्याची काळजी करावयाची तो छावणीत जिवंत, आणि काळजी करणारी गेली, असे किती घरांत घडले असेल! पाटीवर ती मोजलेली नाहीत.

काही घरांना तर वाट पाहण्याचाही हक्क नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची भरती बंद केली. १९१७ साली गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ साली मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ साली, बेळगावलाच. ज्या छावणीने सुभेदार रामजी सकपाळांच्या घराला विद्येची वाट दाखविली, तीच बंद झाल्यावर इतर घरांनी काय गमावले, हे वेगळे सांगावयास नको.

आज बेळगावला रंगरुटाऐवजी अग्निवीर येतो. २०२२ च्या योजनेप्रमाणे नोकरी चार वर्षांची, पुढे ठेवून घेणार ते शेकडा २५ पर्यंत. शिक्षण सहा-सात महिन्यांचे. आता शपथेच्या संचलनाला आईबापांना बोलावतात, गौरवपदक देतात. हे चांगले आहे, आणि फार उशिरा झाले आहे. पण पदकाने पेरणी होत नाही. मुलगा संचलन करीत असताना शेत कोण करते, आणि चार वर्षांनी तो परतला तर त्याला कोण सांभाळते, हा प्रश्न आजीच्या वेळी होता तिथेच आहे.

श्रोतेहो, एवढेच मागणे आहे. आपापल्या गावी जाल तेव्हा ती पाटी वाचा. मग गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा, आणि पत्रात काय लिहिले नव्हते, ते तिला विचारा. ती सांगेल ते लिहून ठेवा. तिसरा आकडा तिच्याकडेच आहे.